मराठी कादंबरीची पहिली नायिका विधवा का?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात नर्सिंग शिकते. सुट्टीत येताना तिने मैत्रिणीची एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आणली. दीडशे वर्षांपूर्वीचा काळ, लहानपणी विकली गेलेली एक मुलगी, तिच्यावर जीव लावणारा देवभोळा शेतकरी, आणि शेवटी क्षमा व नवे आयुष्य. ती सांगते की इंग्रजीत ‘ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकथा’ हा वेगळा प्रकारच आहे. मराठीत असे काही आहे का? आमच्याकडचे एक निवृत्त सर म्हणाले, मराठीतली पहिली कादंबरीच एका ख्रिस्ती माणसाने लिहिली. हे खरे का? आणि खरे असेल तर ती नुसती धर्मप्रचाराची पुस्तिका की खरोखरची गोष्ट? आपल्या जालन्याचा या सगळ्याशी काही संबंध पोचतो का?
– एक वाचक भगिनी, तीर्थपुरी (ता. घनसावंगी, जि. जालना)

उत्तर : ताई, एका पत्रात तुम्ही चार शंका घातल्यात आणि चारही एकमेकींत गुंतलेल्या आहेत. सावकाश सोडवू.

आधी मुलीच्या हातातले पुस्तक. वर्णनावरून ते फ्रान्सीन रिव्हर्स या अमेरिकन लेखिकेचे ‘रिडीमिंग लव्ह’ असावे. पुस्तक निघाले १९९१ साली, गोष्ट मात्र १८५० च्या सुमाराची. कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि माणसांचे लोंढे तिकडे लोटले, त्या दिवसांतली. या कथानकाचा सांगाडा लेखिकेने बायबलच्या जुन्या करारातून उचलला आहे. होशेय नावाचा संदेष्टा दुसऱ्याकडे गेलेल्या बायकोला रुपे आणि सातू मोजून सोडवून आणतो, अशी ती कथा आहे. कादंबरीतल्या शेतकऱ्याच्या नावात होशेयाचेच नाव आले आहे, म्हणजे लेखिकेने आपले ऋण लपवलेले नाही.

प्रेम, न्याय आणि तारण ही तीन सूत्रे एकत्र का येतात, हे समजायला मात्र होशेयापेक्षा रूथची गोष्ट जास्त उपयोगाची आहे. बायबलमधले ते अवघ्या चार अध्यायांचे पुस्तक. रूथ ही परक्या मवाब देशातली तरुण विधवा. सासू नामी हीदेखील विधवा. माहेरी परत जा असे सासूने सांगूनही रूथ तिला सोडत नाही आणि तिच्याबरोबर बेथलेहेमास येते. सातूच्या कापणीचे दिवस असतात. रूथ दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला जाते. सरवा म्हणजे काय, हे तुमच्या भागात कुणाला सांगायला नको. कापणीनंतर रानात राहिलेली कणसे गरिबांनी वेचायची, मालकाने हाकलायचे नाही. तिकडे हा नुसता रिवाज नव्हता, गरीब, परदेशी आणि विधवा यांच्यासाठी धर्मशास्त्राने ठरवून दिलेला तो हक्क होता. शेताचा मालक बवाज हा रूथच्या सासऱ्याच्या नात्यातला. तो गावच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांना बसवतो, तिच्या घरची जमीन सोडवून घेण्याचा प्रश्न चारचौघांत मांडतो, जवळच्या नातेवाइकाने नकार दिल्यावर स्वतः ती जबाबदारी घेतो आणि रूथशी लग्न करतो. पुढे दावीद राजा याच वंशात जन्मतो आणि येशूच्या वंशावळीतही रूथचे नाव येते.

या गोष्टीत प्रेम आहे, पण ते वेशीतल्या पंचांसमोर, जमिनीच्या आणि वारसाच्या व्यवहारातून पुरे होते. विधवेला आधी न्याय मिळतो आणि मग घर मिळते. ख्रिस्ती प्रेमकथेचा मूळ साचा हा असा आहे. आता यावरून मराठीकडे येऊ, म्हणजे पहिल्या कादंबरीची नायिका विधवा का, याचे अर्धे उत्तर तुमच्या हाती आधीच असेल.

तुमच्या सरांनी सांगितले ते खरे आहे. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले आणि मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून त्याचेच नाव घेतात. ‘स्वतंत्र’ हा शब्द मी मुद्दाम घातला. त्याआधी १८४१ साली हरी केशवजी यांनी जॉन बन्यनच्या प्रसिद्ध रूपककथेचे ‘यात्रिकक्रमण’ हे भाषांतर केले होते, पण ते भाषांतर. काही जण ‘यमुनापर्यटन’ला साऱ्या भारतीय भाषांतली पहिली कादंबरी म्हणतात. तो दावा जपून करावा. बंगालीत १८५२ साली हॅना कॅथरीन म्युलेन्स यांचे फुलमणी आणि करुणा या दोन बायकांवरचे पुस्तक आले होते. तेही ख्रिस्तीच, पण ते युरोपीय कुळातल्या मिशनरी बाईंचे.

यावरून एक सार्वत्रिक गैरसमज दूर करतो. ख्रिस्ती कादंबरी म्हटले की ती गोऱ्या पाद्र्याने लिहिली असणार, असे पुष्कळांना वाटते. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात कासार कुटुंबात जन्मले. घर धार्मिक, मराठी. शिक्षण बेळगावात आणि पुढे मुंबईत फ्री चर्च मिशनच्या शाळेत झाले. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तीन वर्षांनी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांनी ही कादंबरी लिहिली. १९०६ साली वारले तोवर त्यांची लहानमोठी शंभराहून अधिक पुस्तके झाली होती. ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठीतल्या आरंभीच्या आत्मचरित्रांत मोडते. कादंबरी हा घाट इंग्रजीतून आला, हे कबूल. पण घाटात ओतलेला माल सगळा इथल्या घरांतला, माजघरांतला आणि न्हाणीघरांतला आहे.

आता गोष्ट. यमुना ही शिकलेली तरुण मुलगी. मिशनच्या शाळेत तिने वाचन-लेखन केले आहे. नवरा विनायकराव विचारी. दोघेही मनातून येशूला मानतात, पण उघड बोललेले नाहीत. ही दोघे प्रवासाला निघतात. गावोगाव त्यांना विधवा भेटतात आणि प्रत्येकीची एक कहाणी निघते. केस काढून विद्रूप केलेल्या, सासरी राबवल्या जाणाऱ्या, कुणाच्या तरी वासनेला बळी पडून पुन्हा त्याच समाजाच्या शिक्षेला सामोऱ्या जाणाऱ्या. यमुना या कहाण्या बाहेरून ऐकत असते. मग विनायकराव प्रवासात मरण पावतो आणि जे ऐकले तेच तिच्या वाट्याला येते. शेवटी ती उघडपणे ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती गृहस्थाशी पुनर्विवाह करते.

यात प्रेमकथा कुठे आहे, असे मुलगी विचारेल. इंग्रजी कादंबरीत मुलगा-मुलगी भेटतात, अडथळे येतात, शेवटी लग्न होते. १८५७ च्या महाराष्ट्रात ही रचना चालणारच नव्हती. ब्राह्मण आणि वरच्या मानल्या गेलेल्या जातींत मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी उरकत असे. लग्नाआधी प्रेम करायला वयच मिळत नव्हते. त्यामुळे प्रेमाची गोष्ट लिहायची तर लेखकापुढे दोनच वाटा उरत. एक, लग्न झालेल्या जोडप्यात उमलणारे प्रेम. दुसरी, नवरा गेल्यावर पुन्हा घर मांडण्याचे धाडस. पदमनजींनी दोन्ही वाटा एकाच कादंबरीत घेतल्या. यमुना आणि विनायकराव बरोबर बसून वाचतात, वाद घालतात, प्रार्थना करतात. नवरा-बायकोने एकमेकांशी विचाराच्या गोष्टी बोलाव्यात, हेच त्या काळच्या वाचकाला नवे होते. मला तर कादंबरीतला हा भाग विधवांच्या कहाण्यांइतकाच धीट वाटतो.

न्यायाचे सूत्र कळायला प्रकाशनाचे साल बघा. आदल्याच वर्षी, १८५६ साली, विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झाला होता. कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला, अशी समजूत तेव्हाही होती. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात म्हटले होते की विधवेने पुन्हा लग्न केले की मृत नवऱ्याच्या मिळकतीतला तिचा हक्क संपेल. पहिल्या नवऱ्याच्या मुलांचा ताबाही त्याच्या नातेवाइकांना न्यायालयाकडून मागता येई. म्हणजे परवानगी मिळाली, पण तिची किंमत विधवेनेच मोजायची. लग्न लावणारा भटजी, पंक्तीला बसणारे सोयरे आणि शेजारच्या विहिरीवर पाणी भरू देणाऱ्या बायका कायद्याने मिळत नाहीत, त्या कुठून आणायच्या, हा प्रश्न उरलाच. यमुनेच्या गोष्टीत तिच्या भोवतीचा जुना समाज तिला पुन्हा उभे राहू देत नाही, म्हणून नवा समाज तिला शोधावा लागतो. पदमनजींच्या मते तो समाज मंडळीचा, म्हणजे चर्चचा. हे त्यांचे उत्तर वाचकाने मानावे की नाही हा भाग वेगळा, पण त्यांनी प्रश्न अचूक जागी विचारला.

आणखी एक गैरसमज इथेच निस्तरू. त्या काळी सगळ्याच विधवांना पुनर्विवाहाची बंदी होती, असे समजू नका. शेतकरी, कारागीर आणि कष्टकरी जातींपैकी पुष्कळांत पाट लावण्याची, म्हणजे मोहतूर लावण्याची, चाल राजरोस होती. तुमच्या गावातल्या जुन्या माणसांना विचारा, त्यांना ती ठाऊक असेल. केशवपनाचा आणि कायमच्या वैधव्याचा जाच मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत होता. पदमनजींच्या पुस्तकाच्या लांबलचक नावात ‘हिंदुस्थानातील विधवा’ असे शब्द आहेत, पण त्यांची नजर बहुतेक या वरच्या घरांवरच आहे.

तर मग ही प्रचाराची पुस्तिका का? प्रचार आहे, उघड आहे आणि लेखकाने तो लपवलेला नाही. धर्मचर्चा पानेच्या पाने चालते, प्रतिपक्षाला बोलायला पुरता वाव मिळत नाही आणि ख्रिस्ती घरांतली दुःखे जवळजवळ दिसतच नाहीत. हे कादंबरीचे खरे दोष आहेत. पण निव्वळ प्रचार करायचा असता तर विधवांच्या इतक्या वेगवेगळ्या तऱ्हा, त्यांचे बोलणे, घरातले टोमणे आणि देवळांभोवतीचे व्यवहार एवढ्या बारकाईने टिपायची गरज नव्हती. भाषाही बघा. चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. ती अद्भुत घटनांनी भरलेली आणि अलंकारिक. लोकांना ती फार आवडली आणि पुढची काही वर्षे मराठी कादंबरी राजपुत्र, रत्ने आणि योगायोग यांच्या मागे गेली. साध्या माणसांची साधी मराठी लिहिणारी पहिली कादंबरी बाजूला पडली. ख्रिस्ती शिक्का हे त्याचे एक कारण, बदललेली आवड हे दुसरे.

पण यमुना संपली नाही. १८९० नंतर हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः छापली. तिच्या नायिकेचे नाव यमूच. तीही शिकते, तिचेही नवऱ्याशी मैत्र जमते, तिचाही नवरा जातो. या दुसऱ्या यमुनेला मात्र बाहेर पडायला दार सापडत नाही. तिचे केस काढले जातात आणि ती खचत जाते. आपट्यांनी नाव मुद्दाम तेच ठेवले की योगायोगाने आले, यावर मी काही बोलणार नाही. दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचली तर मात्र एक गोष्ट डोळ्यांत भरते. पहिल्या लेखकापाशी उत्तर तयार होते, म्हणून त्याची नायिका वाचली. दुसऱ्याने उत्तर दिले नाही, म्हणून वाचक रडला. कलाकृती म्हणून दुसरी कितीतरी सरस आहे. पण सुटण्याची वाट असते असे मराठी बाईला कादंबरीतून आधी सांगितले ते पहिलीने.

दरम्यान पुस्तकाबाहेरही वाटा निघत होत्या. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात फसलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी आपल्या घरात आसरा उघडला. विष्णुशास्त्री पंडितांनी विधवाविवाहाची चळवळ चालवली. पंडिता रमाबाई, स्वतः विधवा आणि १८८३ पासून ख्रिस्ती, यांनी १८८९ साली शारदा सदन काढले. तिथे शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली लग्न केले. म्हणजे विधवेला आसरा देणारी संस्था ख्रिस्ती बाईची आणि त्या विधवेचा पुनर्विवाह हिंदू घरात. पदमनजींना जी दारे एकमेकांपासून अलग वाटली होती, ती आयुष्यात अशी एकमेकांत उघडत होती.

‘ऐतिहासिक’ या शब्दाचे काय? ‘यमुनापर्यटन’ लिहिले तेव्हा ते ताज्या घडामोडींवरचे पुस्तक होते, आज आपल्याला ते इतिहास वाटते. मागच्या काळात जाऊन लिहिलेली पहिली मराठी कादंबरी म्हणजे रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’, १८७१ सालची, शिवकाळातली. ख्रिस्ती लेखकांत तुमच्या मुलीच्या प्रकाराच्या जास्त जवळ जाते ते दिनकर शंकर सावरकर यांचे ‘सुभेदाराचा पुत्र’. हे १८९५ साली निघाले. लेखकाचे वडील शंकर नाना नाशिककडचे ब्राह्मण. ते ख्रिस्ती झाले आणि पुढे पाद्री झाले. मुलाने त्यांच्या आयुष्यावर कादंबरी रचली आणि पेशवाई बुडाल्यानंतरचा काळ उभा केला. राज्य गेलेले, जुन्या मानाची घरे ओसरलेली आणि त्यात खरा देव कोणता हे शोधणारा तरुण.

आता जालना. तुमचा अंदाज बरोबर आहे, संबंध आहे आणि तो चांगलाच नाट्यमय आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याच्या पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ श्रीपती मिशनऱ्यांकडे गेला. तो अजाण मुलगा. वडील न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. पण जातीत परत कसा घ्यायचा? मिशनऱ्यांकडे जेवलेला मुलगा बाटला, असे सनातनी म्हणत. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावे, म्हणून त्यांनी खटपट केली आणि त्यापायी सनातन्यांचा रोष पत्करला. एका घरातली दोन मुले. एकाला धर्म बदलण्याचा हक्क हवा, दुसऱ्याला घरी परतण्याचा. दोघांनाही न्याय मागावा लागला आणि दोघांच्या विरुद्ध उभे होते ते एकच बहिष्काराचे शस्त्र.

यातला थोरला नारायण पुढे पाद्री झाला आणि फ्री चर्चच्या कामासाठी १८६० च्या दशकात जालन्याला आला. म्हणजे ज्या मिशनच्या शाळेत बाबा पदमनजी शिकले, त्याच मिशनचा हा माणूस. निजामाच्या राज्यात, सालारजंग दिवाण असताना त्याला जालन्याजवळ जमीन मिळाली आणि तिथे त्याने बेथेल नावाचे गाव वसवले. तिथे घर मिळालेले लोक मुख्यतः मातंग समाजातले. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना जमीन, विहीर, शाळा आणि चर्च एकाच आवारात. रूथच्या गोष्टीतला सरवा आठवा. इथे सरवा वेचणाऱ्यांच्या पायाखाली स्वतःचे रान आले.

आणि इथे मला मराठी ख्रिस्ती कादंबरीबद्दल एक तक्रार नोंदवावीशी वाटते. ‘यमुनापर्यटन’ काय किंवा ‘सुभेदाराचा पुत्र’ काय, दोन्ही वरच्या जातींच्या घरांतले तारण सांगतात. बेथेलमधल्या एखाद्या बाईचे, जिला पाट लावायची मोकळीक होती पण गावच्या विहिरीला हात लावायची नव्हती, तिचे प्रेम आणि तिचा न्याय या पुस्तकांत येत नाही. नाशिकजवळच्या शरणपूरचेही तसेच. अरबी समुद्रावर गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथल्या मिशनच्या आश्रमात वाढली. त्यांतला जेकब वेनराइट हा १८७३ साली आफ्रिकेत वारलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला. नाशिकच्या शाळेत शिकलेला सुटका झालेला गुलाम! ऐतिहासिक कादंबरीला आणखी कुठले कथाबीज हवे?

शेवटी, वाचायचे काय. सुरुवात ‘यमुनापर्यटन’नेच करा, ते छोटेखानी आहे. धर्मचर्चेची पाने जड वाटली तर चाळून पुढे जा, पण विधवांची एकही कहाणी गाळू नका. मुलीला जुनी मराठी अवघड गेली तर दीप्रा दांडेकर यांनी या कादंबरीचा आणि ‘सुभेदाराचा पुत्र’चाही इंग्रजी अनुवाद केला आहे. मग आपट्यांची यमू. आणि कादंबरी नसूनही या साऱ्यांत सर्वांत सुंदर प्रेमकथा हवी असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. १८९५ साली त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा नवरा-बायकोची ताटातूट झाली. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या, रागावल्या, झुरल्या. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या, पण धर्म न बदलता. स्वतःची खात्री पटली तेव्हा, १९०० साली, त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. त्यात कुणी कुणाला जिंकत नाही, दोघेही हट्टी राहतात आणि तरी एकत्र नांदतात. तुमच्या मुलीने इंग्रजी पुस्तक परत करण्याआधी तिच्या मैत्रिणीलाही हे एक नाव जरूर सांगावे.